दागिना म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे

गौरी-गणपती जवळ आले, दिवाळी आली किंवा लग्नसराईचे दिवस आले की एक सल्ला हमखास फिरू लागतो: ‘घरच्या घरी दागिने नव्यासारखे चमकवा.’ वाटीत लिंबू पिळा, चमचाभर खायचा सोडा घाला, फेस आला की त्यात दागिने बुडवा, मग टूथपेस्ट लावून ब्रशने खसाखसा घासा, शेवटी वरून उकळतं पाणी ओता. सोबत हमीही असते. सगळं स्वयंपाकघरातलं, सगळं नैसर्गिक, म्हणजे अपाय नाही. आणि सराफाकडची खेप वाचली ती वेगळीच. पुरवण्यांत हे छापून येतं, व्हिडिओत करून दाखवलं जातं. काळपट चेन वाटीतून लखलखीत बाहेर येताना पाहिली की बघणाऱ्याच्या मनात शंकाही येत नाही.

या सल्ल्यावर माझा आक्षेप आहे, आणि तो ‘जरा जपून करा’ इतका मवाळ नाही. हा सल्ला दागिन्यांचं नुकसान करतो, आणि ते नुकसान बहुतेक वेळा कधीच भरून येत नाही. घासून गेलेलं सोनं परत येत नाही. आम्लाने खाल्लेला मोती पॉलिश करून पूर्ववत होत नाही. आईकडून मुलीकडे गेलेला डाग दहा मिनिटांच्या हौसेपायी खराब व्हावा, हे मला सहन होत नाही.

चूक सुरू होते ती तांब्या-पितळेच्या भांड्यांपासून. ताम्हन, समई, तांब्याचा हंडा आपण पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने आणि लिंबाच्या सालीने घासत आलो, आणि ते योग्यच आहे. हवा आणि ओलावा लागून तांब्यावर काळपट थर चढतो, चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं आणि खालचं लालसर तांबं उघडं पडतं. त्यात थोडं तांबंही जातं, पण हंडा जाड असतो आणि त्याचा कण न्‌ कण कुणी मोजत नाही. सोन्याला हा न्याय लागूच होत नाही, कारण सोनं हवेने गंजत नाही. शतकानुशतकं मातीत पडलेली सोन्याची नाणी पिवळीधमक निघतात, ती यामुळेच. २२ कॅरट सोन्यात ९१.६ टक्के सोनं असतं आणि उरलेला भाग तांबं, चांदी वगैरेंचा. त्यातल्या तांब्यामुळे वर्षानुवर्षांनी किंचित काळसर छटा येते, हे मान्य. पण रोज गळ्यात असलेल्या मंगळसूत्राला जो मेणचटपणा येतो, तो गंज नसतो. तो मानेवरचा घाम असतो, अंगाचं तेल, साबणाचा साका, पावडर आणि हळदकुंकू असतं. अंगठीत याच्या जोडीला कणीक असते. पोळ्यांची कणीक मळताना ती खड्याच्या मागे जाऊन बसते आणि तिथेच वाळते. हा सगळा तेलकट, चिकट मळ आहे. तो काढायला साबण आणि कोमट पाणी लागतं. आम्लाचं तिथे कामच नाही.

आता त्या वाटीतल्या फेसाकडे बघू, कारण लोकांचा विश्वास त्याच्यामुळेच बसतो. लिंबात सायट्रिक आम्ल असतं आणि सोडा आम्लारिधर्मी असतो. दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि तोच आपल्याला फेस म्हणून दिसतो. फेस शमला की खाली राहतं ते थोडं खारट पाणी आणि जे काही जास्त पडलं असेल ते: लिंबू जास्त झालं असेल तर आम्ल, सोडा जास्त झाला असेल तर सोडा. म्हणजे ज्या उसळीला आपण सफाई समजतो, ती दोन्ही पदार्थ एकमेकांत खर्ची पडल्याची खूण आहे. पुढे चेन उजळते, ती ब्रशमुळे आणि गरम पाण्यामुळे. लिंबू-सोड्याला त्याचं श्रेय देण्याचं काही कारण नाही.

टूथपेस्टचं प्रकरण याहून गंभीर आहे. फ्रिडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये पदार्थांच्या कठीणतेचं एक साधं माप घालून दिलं: कोण कोणाला ओरखडतो यावरून १ ते १० असा क्रम. त्या मापावर दाताचं एनॅमल सुमारे ५ वर येतं, आणि शुद्ध सोनं २.५ च्या आसपास. २२ कॅरटचं त्याहून थोडंच वर. टूथपेस्टमध्ये खडूसारखी किंवा सिलिकाची बारीक पूड असते आणि ती दाताच्या एनॅमलवरचा थर खरवडण्यासाठीच घातलेली असते. जी वस्तू एनॅमल घासायला बनवली आहे, ती त्याच्या निम्म्या कठीणतेच्या धातूवर फिरवायची, हा सल्ला देणाऱ्याने क्षणभर तरी विचार केला आहे का? राखुंडी, दंतमंजन आणि भांडी घासायची पावडर यांनाही हेच लागू पडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘एवढ्याशा घासण्याने असं कितीसं सोनं जाणार?’ त्याचं उत्तर सराफकट्ट्यातच आहे. आपल्याकडे झारेकरी नावाचे लोक पिढीजात एकच काम करत आले. सोनाराच्या दुकानातला केर, दुकानासमोरच्या गटारातला गाळ, भट्टीची राख हे सगळं ते विकत घेत, पाण्यात चाळत, आणि त्यातून सोन्याचे कण वेगळे करत. घासताना, तासताना, उजळताना उडालेल्या कणांवर घरंच्या घरं जगली. सोनार निदान तो केर जपून ठेवतो. आपण टूथपेस्टने पाटली घासतो, तेव्हा ते कण मोरीत वाहून जातात. दर दिवाळीला घासलेल्या पाटलीवरची नक्षी वीस वर्षांत बोथट होते, ठुशीच्या मण्यांची कड झिजते, पुतळीवरचा चेहरा सपाट होतो. मग आपण म्हणतो, दागिना जुना झाला. अनेकदा तो जुना झालेला नसतो, घासून संपवलेला असतो.

अलीकडच्या खरेदीत यात आणखी एक भर पडली आहे. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. हा क्रमांक लेझरने अगदी उथळ कोरलेला असतो आणि वारंवार घासला तर पुसट होऊ शकतो. आणि एक ग्रॅम सोन्याच्या म्हणून मिळणाऱ्या दागिन्यांवर तर सोन्याचा केवळ मुलामा असतो. त्यांना टूथपेस्ट लावली की दोन-चार वेळांतच खालचा धातू डोकावतो.

पण सोन्याचं नुकसान हळूहळू तरी होतं. मोत्यांच्या बाबतीत तेवढीही सवड मिळत नाही.

नथ हातात घ्या आणि उजेडात धरून नीट पाहा. बाक दिलेली सोन्याची तार, तिच्यावर बारीक सोन्याच्याच तारेने गुंफलेले मोती, मध्ये मागून बंद कोंदणात बसवलेले एक-दोन लाल खडे, कधी एखादा हिरवा. जिथे मोती मोत्याला टेकतो, तिथे काळी रेघ दिसेल. तो पावडरीचा आणि घामाचा मळ. प्रत्येक मोत्याच्या भोकाशी बघितलं तर कड किंचित खडबडीत दिसेल, कारण तिथे मोत्याचे थर कापले गेलेले असतात. मोती हा दगड नाही. शिंपल्यातल्या जिवाने पातळ पापुद्र्यांवर पापुद्रे चढवत केलेली ती रचना आहे. पापुद्रे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्या द्रव्याचे असतात त्याच द्रव्याचे, आणि त्यांना धरून ठेवणारा एक सेंद्रिय चिकट पदार्थ मधे असतो. एकेक पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, प्रकाशलहरींच्या लांबीच्या जवळपास. म्हणून तर मोत्याला ती आतून आल्यासारखी झळाळी असते.

त्या नथीवर लिंबाचं पाणी पडलं की काय होतं? वाटीत सोड्याचं जे झालं, तेच मोत्याचं होतं. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला खातं आणि वायू बाहेर पडतो; पण तो इतका थोडा असतो की दिसत नाही. वरचा पापुद्रा खडबडीत होतो आणि प्रकाश त्यावरून सरळ परतण्याऐवजी विखुरतो. मोती स्वच्छ दिसतो, पण खडूसारखा निस्तेज. भोकातून आत गेलेलं पाणी तर बाहेरून धुऊनही जात नाही. बंद कोंदणात शिरलेला ओलावा खड्यामागच्या चकचकीत वर्खाला काळा करतो आणि लाल खडा विटकरी दिसू लागतो. त्यावर टूथपेस्ट फिरवली तर उरलीसुरली झळाळीही जाते, कारण मोत्याची कठीणता २.५ ते ४.५ इतकीच आहे. अशी नथ मी पाहिली आहे. मोती जागेवर होते, तार जागेवर होती, नथ मात्र प्लास्टिकच्या मण्यांची वाटत होती. नवे मोती बसवता येतात, पण बसऱ्याच्या जुन्या मोत्यांच्या जोडीला बसेल असा मोती आज कुठून आणायचा?

जे मोत्याचं, तेच पोवळ्याचं. तेही कॅल्शियम कार्बोनेटच आहे. मंगळासाठी म्हणून बोटात घातलेलं पोवळं लोक ‘शुद्धीसाठी’ रात्रभर मिठाच्या पाण्यात किंवा दह्यात ठेवतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. अंगठी पहिल्यांदा घालताना दुधाचा, पंचामृताचा स्पर्श करून लगेच धुतली तर काही बिघडत नाही. रात्रभर आंबट दह्यात ठेवलेलं पोवळं मात्र सकाळी कोमेजलेलंच निघणार.

आता सगळ्यात जोरदार युक्तिवाद: ‘आमच्या आजीने आयुष्यभर घरीच दागिने धुतले, काही झालं नाही.’ हा मी आदराने घेते, कारण त्यात तथ्य आहे. पण आजी काय करत होती ते पूर्ण सांगा. ती रिठे भिजवायची, त्या पाण्यात सोन्याचे दागिने ठेवायची, हाताने चोळायची आणि मऊ धोतराच्या तुकड्याने टिपायची. रिठ्यातलं सॅपोनिन हे साबणासारखंच काम करतं, म्हणजे तेलकट मळ सोडवतं. सोनारही पूर्वापार रिठाच वापरत आले. थोडक्यात, आजी बरोबर होती, आणि तिच्या नावावर आपण जे खपवतो आहोत ते ती करत नव्हती. टूथपेस्ट तिच्या दागिन्यांना लागलीच नाही. मोत्याची चिंचपेटी आणि तन्मणी ती सणासमारंभाला घालायची, उतरवल्यावर पुसून मलमलीत गुंडाळायची आणि दोरा ढिला झाला की पटवेकऱ्याकडून गाठवून घ्यायची. धुवायची नाही. रिठ्याचं पाणीही किंचित आम्लधर्मी असतं. सोन्याला त्याचं काही नाही, मोत्याला मात्र त्यात भिजत ठेवू नये.

शिवाय आजीच्या पेटीत जे नव्हतं ते आज आपल्या पेटीत आहे. आज बाजारात येणाऱ्या रत्नांवर बहुधा काही ना काही प्रक्रिया झालेली असते. पाचूचंच बघा. कठीणतेच्या मापावर तो ७.५ ते ८ वर आहे. म्हणून लोकांना वाटतं, त्याला काय होणार? पण पाचूत निसर्गतःच बारीक चिरा असतात, आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल किंवा राळ भरण्याची जगभर चालत आलेली पद्धत आहे. आपल्याकडे हिरवा रंग घातलेलं तेलही वापरतात. असा पाचू गरम साबणाच्या पाण्यात ठेवला की तेल सुटतं, चिरा पांढऱ्या होऊन उठून दिसतात आणि घरचे म्हणतात, खडा तडकला. तो तडकलेला आधीपासूनच होता. आपण त्याचं पांघरूण काढलं.

माणकाचं उदाहरण याहून बोलकं आहे. माणिक म्हणजे कुरुविंद, कठीणता ९, हिऱ्याखालोखाल. पण स्वस्तात मिळणाऱ्या अनेक मोठ्या माणकांच्या भेगा शिशाच्या काचेने भरलेल्या असतात. माणकाला लिंबू काही करत नाही. त्या काचेला करतं. लिंबासारखं घरगुती आम्लसुद्धा ती काच खाऊ लागतं आणि खड्याच्या अंगावर जाळीसारख्या रेषा उमटतात. खडा खरा, प्रक्रिया खरी, बिलही खरं, आणि तरी अर्ध्या लिंबात सगळं गेलं. म्हणून रंगीत खडा घेताना प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि त्यावर प्रक्रियेबद्दल काय लिहिलंय ते वाचा. हा दाखला विकताना जितका कामाचा, तितकाच धुतानाही.

उकळत्या पाण्याबद्दल थोडक्यात. बोरमाळेचे मणी बहुधा पोकळ असतात, पातळ सोन्याच्या पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. जुन्या गोठांत आणि पाटल्यांतही लाख असते. लाख उष्णतेने मऊ होते; उकळतं पाणी ओतलं की ती सरकते, मणी आतून पोकळ राहतो आणि पुढच्या वेळी नुसत्या बोटाने दाबला तरी चेपतो. कुंदनकामात खड्याखाली वर्ख आणि लाख दोन्ही असतात. त्याला पाणी लावूच नये, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस. मीनाकारी म्हणजे धातूवर भाजून बसवलेली काच. एकदम गरम-गार झालं की तिला तडे जातात. ओपलमध्ये मुळातच पाणी असतं. उष्णतेने ते गेलं की खड्यात जाळं पडतं. पिरोजा सच्छिद्र आहे, तो तेल, अत्तर, साबण सगळं पितो आणि हिरवट होत जातो.

‘मग निदान हिरा तरी?’ हिरा सर्वांत कठीण, हे खरं. पण त्याला तेलाचं विलक्षण आकर्षण आहे; बोट लागलं तरी त्याच्यावर पातळ थर चढतो, म्हणून तर तो इतक्या लवकर मंद दिसतो. त्यासाठी साबण पुरतो. कठीण असला तरी ठरावीक दिशांनी बसलेल्या जोरदार फटक्याने तो दुभंगतो, आणि एकाच डबीत टाकला तर शेजारच्या माणकाला आणि सोन्याला ओरखडे पाडतो. शिवाय हिरा स्वतःहून अंगठीत टिकून राहत नाही. त्याला धरून ठेवतात त्या सोन्याच्या इवल्या नख्या, आणि त्या बहुधा १८ किंवा १४ कॅरटच्या असतात. मोरी-बाथरूम धुवायच्या ब्लीचमधला क्लोरीन अशा मिश्र सोन्यावर हल्ला करतो, नख्या ठिसूळ होतात, आणि एक दिवस खडा कुठे पडला ते कळतही नाही. ‘अंगठी ब्लीचच्या पाण्यात बुडवा’ असं सांगणारे सल्लेही मी पाहिले आहेत. मला त्यांची चीड येते.

चांदीच्या बाबतीत मात्र घरगुती उपाय सांगणाऱ्यांच्या बाजूचं एक मला कबूल करायचं आहे. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. वर चांदीचं सल्फाइड तयार होतं. भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरून गरम पाणी आणि सोडा घातला आणि चांदी त्या कागदाला टेकवून ठेवली, तर अॅल्युमिनियम ते गंधक ओढून घेतं आणि काळ्या थरातली चांदी जागच्या जागी परत चांदी होते. घासण्यासारखी झीज यात होत नाही. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्या गंधकाचा; खिडकी उघडी ठेवावी. देव्हाऱ्यातली साधी निरांजनं, वाट्या, साखळीचे पैंजण यांना हा उपाय चांगला आहे. पण तो साध्या चांदीलाच. हातमागाच्या साडीवर शोभणारे ऑक्सिडाइज्ड दागिने मुद्दाम काळे केलेले असतात. त्यांचा काळेपणा हाच त्यांचा नक्षीचा उठाव. ते या पाण्यात टाकले की नक्षी बुजल्यासारखी होते. खडे जडवलेली, लाख भरलेली, मोती ओवलेली चांदी यात घालू नये. आणि टूथपेस्ट चांदीलाही नको. हुपरीच्या कारागिराने पैंजणाच्या कडीवर उठवलेली रेघ आपण पाच मिनिटांत पुसून टाकू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक हट्ट आहे: दागिना चमकला म्हणजे स्वच्छ झाला. हा हट्ट किती महागात पडतो, ते दारोदार फिरणारे पॉलिशवाले दाखवून देतात. दुपारी घरात एकटी बाई पाहून ते येतात. आधी तांब्याचं भांडं, मग पायातली चांदी उजळून दाखवतात, विश्वास बसला की पाटल्या मागतात. त्या एका द्रावणात बुडवतात. ते द्रावण म्हणजे आम्लराज, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण, ज्यात सोनं विरघळतं. मग पाटल्या हळदीच्या पाण्यात घालून कुकरमध्ये ठेवायला सांगतात, ‘अर्ध्या तासाने उघडा’ म्हणतात आणि विरघळलेलं सोनं बाटलीत घेऊन निघून जातात. पोलीस वर्षानुवर्षं सावध करत आहेत, तरी प्रकार थांबत नाहीत. फसलेल्या बायकांना भोळं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. उजळलेलं भांडं पाहून विश्वास ठेवायला आपणच सगळ्यांना शिकवलं आहे. लिंबू-सोड्याचा व्हिडिओही तेच शिकवतो.

दुसऱ्या टोकाला म्हणणारे आहेत: घरी काही करूच नका, दुकानात यंत्र असतं, तिथे द्या. हेही मला पटत नाही. दुकानातलं यंत्र बहुधा अल्ट्रासॉनिक असतं. ध्वनिलहरींनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि सांदीकोपऱ्यातला मळ काढतात. साध्या सोन्याला आणि बिनभेगांच्या, नीट बसवलेल्या हिऱ्याला ते चालतं. पाचू, मोती, पोवळं, ओपल, पिरोजा, काच भरलेलं माणिक, कुंदन यांच्यासाठी ते घातक आहे, आणि गर्दीच्या दिवसांत काउंटरवरचा मुलगा प्रत्येक वेळी विचारत बसेलच असं नाही. आणि पॉलिश म्हणजे धुणं नव्हे. पॉलिशच्या चाकावर धातूचा वरचा थर निघतोच. दर वर्षी पॉलिश करून घेणं ही काळजी घेणं नाही.

मग घरी करायचं काय? सोन्यासाठी सांगते, कारण बहुतेकांकडे तेच रोज अंगावर असतं. मोरीवर किंवा बेसिनशी उभं राहू नका. ताटात स्वच्छ सुती फडकं अंथरून बसा. एका वाडग्यात कोमट पाणी, बोट सुखाने ठेवता येईल इतपत, आणि त्यात पातळ साबणाचे दोन थेंब. एका वेळी एकच डाग पाण्यात सोडा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. कणीक, साका, पावडर भिजून सैल होतात. काम पाण्याने करायचं, हाताने नाही. मग लहान बाळाच्या दातांचा मऊ ब्रश घेऊन आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांतून, खड्याच्या मागून अलगद फिरवा. सांध्यांकडे विशेष लक्ष द्या. धुळीत वाळूचे कण असतात, त्यांची कठीणता ७. तेलात अडकून ते दोन कड्यांच्या मध्ये बसतात आणि प्रत्येक हालचालीबरोबर सोनं कापत राहतात. चेन नेहमी सांध्यापाशी तुटते ती यामुळे. सोनं धुवायचं खरं कारण हे आहे, चमक नव्हे. दुसऱ्या वाडग्यात स्वच्छ पाण्यात दोनदा बुडवा, फडक्यावर टिपा, सावलीत पूर्ण वाळू द्या. वाडग्यातलं पाणी ओतण्याआधी गाळण्यातून गाळा. सैल झालेला खडा असेल तर तो तिथे सापडेल. दोऱ्यात ओवलेली पोत असेल तर ती भिजवू नका. भिजलेला दोरा आतून लवकर वाळत नाही आणि कुजतो.

मोत्यांना याहून कमी करायचं. अत्तर, पावडर, केसांचा स्प्रे सगळं झाल्यावर शेवटी मोती घालायचे आणि घरी आल्यावर आधी ते उतरवायचे. किंचित ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, कोरड्याने टिपायचं, आडवं ठेवून वाळवायचं. दोरा ओला असताना गळ्यात घालायचं नाही, तो ताणतो. लॉकरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कोंडून ठेवू नका. मोत्यातल्या सेंद्रिय भागाला थोडा ओलावा लागतो. मलमलीत गुंडाळा, आणि सणाला खरंच घाला.

‘एवढे नियम पाळायचे तर दागिने घालायचेच कशाला,’ असं कुणी म्हणेल. पण मी सांगितलेलं लिंबू-सोड्यापेक्षा कमी कष्टाचं आहे: कोमट पाणी, साबण, फडकं आणि थोडी सवड. कठीण आहे ते फक्त न घासणं. आणि ज्या डागाबद्दल मनात शंका असेल, खडा कोणता, मागे लाख आहे की नाही, भेगा भरल्या आहेत की नाही, तो धुवायचाच नाही. तो सराफाकडे न्यावा, भिंगाखाली नख्या तपासून घ्याव्यात, प्रक्रिया विचारावी. यंत्रात घालणार असतील तर कोणत्या यंत्रात, किती वेळ, आणि पॉलिश करणार की फक्त धुणार, हे आधी ठरवून घ्यावं. दागिना देताना तो आपल्यासमोर तोलून वजन पावतीवर लिहून घ्यावं, आणि परत घेताना पुन्हा काट्यावर ठेवायला सांगावं.